डोकं खिळवायचं नाही, मधोमध ठेवायचं

राम राम मंडळी. 'गोल्फच्या स्विंगमध्ये (काठी फिरवून फटका मारताना) डोकं तसूभरही हलवू नका, चेंडू गेल्यावरही नजर खालीच ठेवा' हा मेसेज संभाजीनगर-जालन्याच्या ग्रुपवर फिरतोय. तो पहिल्यांदा मीच टाकला होता. तो अर्धवट आहे.

डोकं आणि छाती बाजूला सरकली की क्लब, म्हणजे गोल्फची काठी, जमिनीला टेकण्याची जागाही सरकते. मग चेंडूआधी माती उकरते, नाहीतर क्लब चेंडूला वरून घासून जातो. म्हणून कण्याभोवती वळायचं, झुलायचं नाही. एवढं खरं. पण डोकं थोडं वळलं तर बिघडत नाही, आणि फटक्यानंतर ते खांद्यांबरोबर वर यायलाच हवं. स्वीडनची गोल्फपटू आनिका सोरेनस्टॅम हिचं डोकं तर फटका बसतानाच लक्ष्याकडे वळायचं. तिने 10 मेजर, म्हणजे गोल्फच्या सर्वात मानाच्या स्पर्धा, जिंकल्या. मी दोन महिने मान आवळून खेळलो, तर मान धरली आणि पाठही.

सकाळचं ऊन पाठीवर घ्या, डोक्याच्या सावलीत चेंडू ठेवा आणि क्लब सावकाश मागे न्या. चेंडू उन्हात आला तर तुम्ही सरकलात.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. नव्याने शिकणाऱ्या पोरांना पाठवला असेल तर त्यांना आजच हे कळवा.