चार नंबर बंद करू नये

मित्रहो, आमच्या मंडळाच्या फुटबॉल टीमसाठी जर्सींचा नवा सेट करायचा आहे. येत्या शनिवारी बेळगावच्या खडेबाजारातल्या छपाईवाल्याकडे नंबरांची यादी द्यायची आहे आणि गेल्या रविवारच्या बैठकीत बहुतेक मुलांनी असे मत दिले की या सेटमध्ये ४ नंबर असू नये. कारण टीममधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी उद्यमबागेतल्या फाउंड्रीतली पाळी संपवून घरी निघालेला आमचा चार नंबर खानापूर रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याची आठवण म्हणून तो आकडा कायमचा बंद ठेवावा, असे मुलांचे म्हणणे आहे. बैठकीत विरोध करणारा मी एकटाच होतो आणि बोलता बोलता गळा दाटून आल्यामुळे माझे म्हणणे मला धड मांडताही आले नाही. ते मी इथे सविस्तर लिहीत आहे. मुलांनी शनिवारच्या आत वाचावे, एवढीच विनंती आहे.

आधी हे सांगितले पाहिजे की तो नंबर त्याच्याआधी माझ्या पाठीवर होता. टिळकवाडीच्या लेले मैदानावर आम्ही खेळायचो तेव्हा छापील नंबर नव्हते. पांढऱ्या कापडाचे आकडे कापून शहापुरातला शिंपी ते निळ्या शर्टावर शिवून द्यायचा आणि चारच्या आकड्याचा तिरका पाय दर पावसाळ्यात उसवायचा. गुडघ्याने साथ सोडली तेव्हा तो शर्ट मी स्वतः धुऊन, उसवलेली कड पुन्हा शिवून त्याच्या हातात दिला होता. आपल्या लाल मातीचे डाग त्यावर होते आणि ते त्याच्याकडेही राहिले. मलाही तो नंबर असाच एका ज्येष्ठ खेळाडूकडून मिळालेला होता. त्यामुळे ‘त्याचा नंबर’ असे मुले म्हणतात तेव्हा मला तो शब्द अपुरा वाटतो.

जर्सीवरचे आकडे मुळात कोणाच्या सन्मानासाठी आलेलेच नाहीत. २५ ऑगस्ट १९२८ रोजी इंग्लंडमध्ये आर्सेनल आणि शेफिल्ड वेन्सडे या क्लबांच्या सामन्यात आकडे वापरले गेले, ते प्रेक्षकांना खेळाडू ओळखता यावेत म्हणून. १९३३ च्या एफए कप अंतिम सामन्यात एव्हर्टनने १ ते ११ आणि मँचेस्टर सिटीने १२ ते २२ असे आकडे घातले होते. पुढे आकडा म्हणजे मैदानावरची जागा, असा रिवाज पडला. एक म्हणजे गोली, दोन आणि तीन म्हणजे बॅक, चार ते सहा म्हणजे हाफ, सात ते अकरा म्हणजे फॉरवर्ड. हा रिवाज इतका पक्का होता की २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर हंगेरीच्या नांदोर हिदेगकुटीने ९ नंबर घालून मागे, मधल्या फळीत खेळायला सुरुवात केली तेव्हा नऊ नंबरला धरायचे ठरवून आलेल्या इंग्लंडच्या सेंटर हाफला त्याच्यामागे जावे की जागेवर राहावे हेच समजेना. हिदेगकुटीने तीन गोल केले आणि इंग्लंड ६–३ असे हरले. त्या काळी आकडा जागेचा होता आणि त्या जागेवर जो उभा राहील त्याला तो मिळत असे.

मग आकडे माणसांचे कसे झाले? या प्रश्नाचा विचार करताना मला दहा नंबरची कथा फार महत्त्वाची वाटते. १९५८ च्या स्वीडनमधील विश्वचषकात ब्राझीलचे आकडे कोणत्याही रिवाजाप्रमाणे नव्हते. संघटनेने आकड्यांची यादीच पाठवली नव्हती आणि ते तिथे कोणीतरी परस्पर वाटले, असे सांगितले जाते. गोलरक्षक जिल्मार याच्या पाठीवर ३ होता, यावरून त्या वाटपाची कल्पना यावी. त्याच वाटपात सतरा वर्षांच्या पेले नावाच्या मुलाच्या वाट्याला १० आला. त्याने त्या स्पर्धेत ६ गोल केले, त्यातले २ अंतिम सामन्यात, आणि त्यानंतर जगभरच्या मैदानांवर १० हा सर्वांत चांगल्या खेळाडूचा आकडा ठरला. अर्जेंटिनाच्या मारिओ केम्पेसचेही तसेच आहे. १९७८ मध्ये अर्जेंटिनाने आडनावांच्या अक्षरक्रमाने आकडे दिले होते. त्या क्रमाने गोलरक्षक फियोलला ५ मिळाला आणि केम्पेसला १०. केम्पेस त्या स्पर्धेत सर्वाधिक ६ गोल करून विश्वविजेता झाला. पुढल्या खेपेला, १९८२ मध्ये, क्रम पुन्हा अक्षरांचाच होता, पण एका तरुणासाठी तो मोडून त्याला १० देण्यात आला आणि केम्पेसने ११ घातला. तो तरुण म्हणजे दिएगो मॅराडोना.

आता मुलांनी इथे थोडे थांबून विचार करावा, कारण आपल्या बैठकीत जो ठराव झाला तोच ठराव एका अख्ख्या देशाने करून पाहिला आहे. मॅराडोनाच्या सन्मानार्थ अर्जेंटिनाने २००२ च्या विश्वचषकासाठी दिलेल्या यादीत १० ठेवलाच नाही. त्याऐवजी २४ घातला. फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, ती यादी नाकारली, कारण नियमाप्रमाणे १ ते २३ हेच आकडे चालत होते. शेवटी एरिएल ओर्तेगा १० घालून खेळला. संघ पहिल्याच फेरीत बाद झाला आणि तेव्हा अनेकांना वाटले असेल की त्या आकड्याची अप्रतिष्ठा झाली. पण आठच वर्षांनी, २०१० च्या विश्वचषकात, खुद्द मॅराडोना प्रशिक्षक म्हणून कडेला उभा असताना मेस्सीच्या पाठीवर तोच १० होता आणि २०२२ मध्ये कतारमध्ये तोच आकडा घालून मेस्सीने चषक उचलला. त्या रात्री शहापुरात आणि वडगावात फटाके वाजवणाऱ्या मुलांत आपली टीमही होती. फिफाने ती यादी मान्य केली असती तर आज आपल्या मुलांच्या अंगावर दिसणारा आकाशी पट्ट्यांचा १० नंबर कोणी घातलाच नसता.

इटलीतल्या नापोली क्लबने मात्र २००० मध्ये मॅराडोनाचा १० बंद केला. नापोलीकरांचे मॅराडोनावरचे प्रेम मी समजू शकतो. त्याच्यामुळे त्यांना १९८७ आणि १९९० मध्ये लीगचे विजेतेपद मिळाले होते. परंतु त्याच शहराच्या मातीतला लोरेन्झो इन्सिन्ये अनेक वर्षे त्या क्लबचा आधार असूनही २४ घालून खेळला, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे. दहा नंबर ज्या गावाने जगाला दाखवला त्या गावातल्या पोराला तो घालता येत नाही, हा मला सन्मान वाटत नाही.

बैठकीत एका मुलाने विचारले की नव्या मुलाला तो नंबर पेलला नाही तर काय करायचे. त्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मँचेस्टर युनायटेडच्या सात नंबरमध्ये आहे. जॉर्ज बेस्ट पुष्कळदा ७ घालून खेळला, मग ब्रायन रॉबसन, मग एरिक कॅंटोना. १९९७ मध्ये कॅंटोना अचानक निवृत्त झाला तेव्हा तो आकडा १० नंबरच्या डेव्हिड बेकहॅमकडे गेला. २००३ मध्ये बेकहॅम रेआल माद्रिदला गेला आणि तिथे ७ राऊलकडे असल्यामुळे त्याने २३ घेतला. त्याच उन्हाळ्यात पोर्तुगालहून अठरा वर्षांचा क्रिस्तियानो रोनाल्डो आला. त्याने आपला जुना २८ मागितला होता. युनायटेडचे प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी त्याला ७ दिला. मला फर्ग्युसन यांचा हा निर्णय फार मोठा वाटतो. नंबर हा केलेल्या कामाचे बक्षीस म्हणून नव्हे, तर करायच्या कामाची जबाबदारी म्हणून त्यांनी दिला आणि तो मुलगा त्या आकड्याएवढा झाला.

पुढे तोच आकडा अनेकांना जड गेला, हेही खरे. अंतोनिओ व्हॅलेन्सियाने एक हंगाम ७ घातला आणि पुन्हा आपला २५ घेतला. दि मारिया एकाच हंगामात निघून गेला. अलेक्सिस सांचेझचा खेळ तिथे कधी बहरलाच नाही. पण यांच्यामुळे बेस्टचा किंवा कॅंटोनाचा सात नंबर लहान झाला, असे कोणी म्हणत नाही. व्हॅलेन्सियाने आकडा परत केला आणि पुढे त्या संघाचा कर्णधारही झाला. न पेललेला नंबर परत देता येतो, त्यात कमीपणा नाही आणि आमच्याकडेही तशी मुभा असेल.

माझ्या बाजूने एवढे लिहिल्यावर दुसरी बाजू टाळून चालणार नाही, कारण मुलांचा मुद्दा पराक्रमाचा नाही, शोकाचा आहे. मिलान क्लबने पाओलो मालदिनीचा ३ बंद केला तो निवृत्तीनंतर, आणि त्यातही त्याच्या मुलांपैकी कोणी मिलानकडून खेळले तर त्याला तो मिळेल अशी वाट ठेवली. आयाक्स क्लबने योहान क्रायफचा १४ त्याच्या साठाव्या वाढदिवशी बंद केला. ही माणसे तेव्हा हयात होती. आमचा चार नंबर गेला आहे, हे मी क्षणभरही विसरत नाही.

कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए २६ जून २००३ रोजी ल्यों शहरात, सामना चालू असताना मैदानावर कोसळला आणि मरण पावला. तो ज्या क्लबांकडून खेळला होता त्यांपैकी मँचेस्टर सिटीने त्याचा २३ बंद केला, ल्योंने १७ बंद केला. पाच वर्षांनी ल्यों संघात जाँ माकून आला. तोही कॅमेरूनचा. त्याने फोएच्या आठवणीसाठी १७ मागून घेतला आणि क्लबने तो दिला. अलीकडचे उदाहरण तर आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ३ जुलै २०२५ रोजी लिव्हरपूल आणि पोर्तुगालचा खेळाडू दियोगो जोटा आणि त्याचा भाऊ स्पेनमध्ये मोटार अपघातात गेले. लिव्हरपूलने त्याचा २० नंबर सर्व स्तरांवर बंद केला, महिला संघ आणि लहान मुलांच्या संघांसह. पोर्तुगालने मात्र वेगळे केले. जोटाचा २१ नंबर त्यांनी त्याच्या जिवलग मित्राला, रुबेन नेव्हेसला दिला, ज्याने त्याच्या शवपेटीला खांदा दिला होता. ऑक्टोबरमध्ये आयर्लंडविरुद्ध सामना बरोबरीत संपणार असे वाटत असताना, भरपाईच्या वेळेत, नेव्हेसने डोक्याने गोल केला. देशासाठीचा तो त्याचा पहिला गोल होता आणि पाठीवर २१ होता.

लिव्हरपूलने चूक केली असे मी म्हणणार नाही. ज्यांचा माणूस गेला त्यांनी काय करावे हे बाहेरच्याने सांगू नये. पण आमच्या टीमच्या दुःखात मी बाहेरचा नाही आणि मला पोर्तुगालची रीत पटते. बंद केलेला आकडा वर्षातून एकदा, श्राद्धाच्या सुमारास आठवतो. पाठीवरचा आकडा दर रविवारी डोळ्यांसमोर धावतो आणि कोणीतरी नवखा प्रेक्षक विचारतो की आधी हा नंबर कोणाचा होता. मग त्याचे नाव घेतले जाते.

आमच्या सीमाभागात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. आमच्या टीममध्ये निम्मी मुले घरी मराठी बोलतात, उरलेली कन्नड. खेळ ऐन रंगात आला की कडेवरून एकीकडून ‘चार, मागे ये!’ अशी हाक यायची आणि दुसरीकडून ‘नाल्कु!’ अशी. तो दोन्ही हाकांना सारखाच वळायचा. आमच्या गावात पाटीवरच्या अक्षरांवरून किती वाद झाले हे सांगायला नको, पण पाठीवरचा तो आकडा वाचताना कोणीही कोणाची भाषा विचारली नाही. तो बंद करून भिंतीवर टांगला तर ती हाकच बंद होईल, याची मला खंत आहे.

त्याचा शर्ट, म्हणजे तो प्रत्यक्ष शर्ट, कोणालाही देऊ नये, याबद्दल माझे मुलांशी एकमत आहे. तो सध्या माझ्याकडे जर्सींच्या पेटीत सगळ्यांत खाली, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला आहे. तो त्याच्या आईकडे गेला पाहिजे. मी परवा त्यांना भेटून आलो. नंबर बंद करण्याचा विषय काढला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “मग त्याच्या जागेवर आता कोण उभा राहतोय?” मी त्या मुलाचे नाव सांगितले. सोळा वर्षांचा आहे, वडगावचा, गेल्या हंगामात १४ घालून खेळला. “घरी घेऊन या त्याला एकदा,” असे त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी सरावानंतर मी त्याला घेऊन जाणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. यादी मी आज लिहून ठेवली आहे, १ ते १८, सलग. तीन आणि पाच यांच्यामध्ये ४ आहे. कोणाची हरकत असेल त्याने शनिवारी दुपारपर्यंत मला फोन करावा, मी प्रत्येकाशी बोलेन.