‘चार दिवस ठेवून फक्त धूळ झटकली’ या अभिप्रायास दुकानमालकाचे उत्तर

आदरणीय ग्राहक महोदय, सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय वाचला. संगणकाअभावी आपली कामे खोळंबली आणि घरी नेल्यावरही मनस्ताप झाला, याबद्दल मी दिलगिरी व्यक्त करतो. आपण एक तारा देऊन लिहिले आहे की, चालता चालता अचानक बंद पडणारा संगणक आमच्याकडे दिला, आम्ही तो चार दिवस ठेवून ‘फक्त धूळ झटकली’, त्याचे ३,१५० रुपये घेतले, दुसऱ्याच संध्याकाळी तो पुन्हा बंद पडला आणि शेवटी शेजारच्या मुलाने तो दहा मिनिटांत ठीक केला. आपली नाराजी मला समजते. परंतु ‘चार दिवस’ आणि ‘फक्त धूळ’ हे शब्द तसेच राहू देणे मला शक्य नाही, कारण इचलकरंजीतले लोक आता दुकानात पाऊल टाकण्याआधी हेच वाचतात, आणि या दुकानावर माझ्याखेरीज माझ्या दोन कारागिरांची घरे चालतात.

जो संगणक सुरूच होत नाही, त्याचा दोष बहुतेक वेळा तासाभरात सापडतो. जो आमच्यासमोर व्यवस्थित चालतो आणि घरी बंद पडतो, त्याला वेळ लागतो, कारण दोष डोळ्यांसमोर घडल्याशिवाय तो कोणत्या भागात आहे हे खात्रीने सांगता येत नाही. सोमवारी संध्याकाळी आपण सीपीयू काउंटरवर ठेवलात तेव्हा तो पहिल्या बटणाला सुरू झाला आणि मंगळवारी दिवसभर एकदाही बंद पडला नाही. अशा वेळी अंदाजाने एखादा भाग बदलून त्याच दिवशी पैसे घेऊन मोकळे होणे दुकानदाराला सर्वांत सोयीचे असते. मी ते करत नाही, आणि आपल्या चार दिवसांचा हिशेब इथूनच सुरू होतो.

आम्ही प्रथम विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील, म्हणजे संगणकातील घडामोडींच्या वहीतील, नोंदी पाहिल्या. संगणक नीट बंद केला की तेथे १०७४ क्रमांकाची नोंद होते; तो अवचित बंद पडला असेल तर पुढच्या वेळी सुरू होताना ६००८ आणि ‘कर्नल-पॉवर ४१’ अशा नोंदी पडतात. आपल्या संगणकात ४१ च्या नोंदींची रांग होती आणि प्रत्येक नोंदीतील बगचेक कोड (विंडोज का कोसळले ते सांगणारा आकडा) शून्य होता. निळा स्क्रीन येऊन विंडोज कोसळले असते तर तेथे सहसा दुसरा आकडा दिसला असता. शून्याचा अर्थ बहुतेक वेळा असा की विंडोजला काही नोंदवण्याइतकीही सवड मिळाली नाही. म्हणजे एक तर वीज तुटली, किंवा एसएमपीएसने (संगणकाच्या सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याने) हात टेकले, किंवा अति उष्णतेमुळे यंत्र स्वतःच बंद झाले. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती अशी की जवळजवळ सर्व नोंदी संध्याकाळी सातनंतरच्या होत्या. ती मी त्याच दिवशी जॉब कार्डावर, म्हणजे आपल्या दुरुस्तीच्या नोंदपत्रावर, लिहून ठेवली.

आता धुळीविषयी. आपल्या यंत्रमागांच्या गावात घरोघरी सुताचे तंतू उडतात, आणि आपल्या हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये धूळ व तंतू यांचा इतका घट्ट थर बसला होता की पंखा फिरत असूनही हवा आत जात नव्हती. प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून तिचा भुगा झाला होता. सफाई करून नवी पेस्ट लावण्यापूर्वी पूर्ण लोडवर, म्हणजे पूर्ण ताकदीने काम करताना, प्रोसेसरचे तापमान ९४ अंश सेल्सियसपर्यंत जात होते. त्यानंतर ते ६७ अंशांवर स्थिरावले. साधारणपणे शंभर अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि उष्णता त्याही पलीकडे गेली तरच यंत्र बंद होते, त्यामुळे ९४ हा आकडा वाईट असला तरी बंद पडण्याचे तेवढेच कारण मानून मी थांबलो नाही. थांबलो असतो तर ‘फक्त धूळ झटकली’ हा आपला आरोप खरा ठरला असता आणि संगणक मंगळवारीच आपल्या घरी पोहोचला असता. त्या रात्री रॅमची तपासणी लावून ठेवली. सकाळपर्यंत तिच्यात एकही त्रुटी आली नाही.

बुधवारी कॅबिनेटचे झाकण लावून प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोहोंवर एकदम लोड दिला, कारण आपल्या चिरंजीवांचे खेळ संगणकावर नेमका असाच भार टाकतात. पाऊण तासाच्या आत संगणक बंद पडला, तोही आमच्या दुकानातल्या चढउतार नसलेल्या विजेवर. त्यानंतर काही मिनिटे बटण दाबूनही तो सुरू होईना. थंड झाल्यावर सुरू केला, एसएमपीएसच्या मोकळ्या कनेक्टरवर विजेचा दाब मोजणारा मल्टिमीटर लावला आणि पुन्हा लोड दिला, तेव्हा १२ व्होल्टची लाइन हळूहळू घसरत ११.२ पर्यंत आलेली मी स्वतः पाहिली. या लाइनला पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे ती ११.४ च्या खाली जाता कामा नये. आमचा तपासणीचा एसएमपीएस लावून तोच लोड दिला तर संगणक रात्रभर चालला. जुना एसएमपीएस कॅबिनेटसोबत आलेला होता आणि ग्राफिक्स कार्ड आपण गेल्या दिवाळीत नंतर बसवून घेतलेले आहे. तो वाढीव भार त्याला पेलत नव्हता. तो उघडला तेव्हा आतील वीज साठवणाऱ्या दोन कपॅसिटरांची डोकी फुगलेली स्पष्ट दिसत होती. (वाचकांपैकी कोणी हा डबा घरी उघडून पाहू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज शिल्लक राहू शकते.)

बुधवारी दुपारी मी आपल्याला व्हॉट्सॲपवर फुगलेल्या कपॅसिटरांचा फोटो, नव्या एसएमपीएसची किंमत आणि बदलण्यास संमती आहे का, अशी विचारणा पाठवली. निरोप वाचला गेल्याच्या निळ्या खुणा तासाभरात दिसल्या. आपला होकार गुरुवारी रात्री दुकान बंद झाल्यावर आला. शुक्रवारी सकाळी एसएमपीएस बसवला, दुपारपर्यंत लोडवर चालवून पाहिला आणि संध्याकाळी संगणक आपल्या ताब्यात दिला. आपण कामात असाल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ग्राहकाच्या होकाराशिवाय अडीच हजारांचा भाग बसवणे माझ्या तत्त्वात बसत नाही, आणि त्या होकाराची वाट पाहण्यात गेलेला सव्वा दिवस माझ्या दिरंगाईत मोजला जावा, हे मला मनापासून लागले आहे.

बिलात एसएमपीएसचे २,४५० रुपये, सफाई व पेस्टचे २०० आणि तपासणी व मजुरीचे ५०० असे ३,१५० रुपये आहेत. धुळीचे पैसे दोनशे रुपये आहेत, तीन हजार नव्हे. एसएमपीएसच्या खोक्यावरची छापील किंमत आपण स्वतः पाहिली होती आणि मी त्याहून कमीच लावले. त्याचे वॉरंटी कार्डही आपल्याला दिले आहे.

दुसऱ्या संध्याकाळी संगणक पुन्हा बंद पडला, हेही खरे आहे, आणि शेजारच्या मुलाने जे केले ते मला त्याच्याकडूनच कळले. त्याने यूपीएसमधून प्लग काढून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावला. मुलगा हुशार आहे, त्याने योग्य जागी बोट ठेवले. पण त्या यूपीएसविषयीच मी सोमवारी आपल्याला विचारले होते. ‘यूपीएस व पॉवर केबलही तपासणीसाठी आणावी’ असे जॉब कार्डावर लिहिले आहे आणि त्याखाली आपली सही आहे. यूपीएस चांगला आहे, तो आणण्याची गरज नाही, असे आपण म्हणालात. पुढे बोलताना तो टाळेबंदीच्या काळात घेतल्याचे आपणच सांगितले. घरगुती यूपीएसमधील १२ व्होल्टची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. आपल्या घराजवळ यंत्रमाग आहेत, आणि संध्याकाळी घरोघरचा भार वाढला की तेथे विजेचा दाब क्षणभर खाली जातो. ट्यूबलाइट फक्त लुकलुकते, पण यूपीएस त्या क्षणी बॅटरीवर जातो, आणि बॅटरीत जीव नसेल तर संगणकाची वीज तिथेच तुटते. आपल्या चिरंजीवांच्या खेळाची वेळ आणि दाब खाली जाण्याची वेळ एकच आहे, म्हणून सातनंतरच्या त्या नोंदी दोन्ही दोषांना लागू पडत होत्या. यूपीएस माझ्यासमोर असता तर दोन्ही गोष्टी एकाच फेरीत उघड झाल्या असत्या. मात्र जुना एसएमपीएस ठेवून फक्त यूपीएस बाजूला केला असता, तरी लोडवर संगणक बंद पडतच राहिला असता, हे बुधवारी दुकानात सिद्ध झाले होते.

सध्या आपण संगणक थेट सॉकेटवर चालवत आहात. तो चालेल, पण वीज गेली की काम चालू असतानाच बंद होईल आणि त्यात फाइली बिघडू शकतात. यूपीएस तपासण्याची साधी रीत अशी: संगणक त्यातून काढून ठेवावा, त्याजागी टेबलावरचा दिवा लावावा, आणि दिवा चालू असताना यूपीएसचा भिंतीतील प्लग बंद करावा. दिवा त्याच क्षणी विझला तर बॅटरी संपलेली आहे. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या इतर ग्राहकांनाही माझी विनंती आहे की, संगणक बंद पडला ती वेळ, त्या वेळी घरातील दिवे लुकलुकले का, स्क्रीन आधी निळा झाला की एकदम काळा, आणि नंतर तो आपोआप सुरू झाला की बटण दाबावे लागले, एवढे एका कागदावर लिहून आणावे. आमचा अर्धा दिवस त्याने वाचतो.

संमतीच्या निरोपाला उत्तर न आल्यास यापुढे फोनही करावा, असे कारागिरांना सांगितले आहे, आणि जॉब कार्डावरील सूचना अधिक ठळक करण्याचाही विचार आहे. आपला जुना एसएमपीएस नावाची चिठ्ठी लावून दुकानात ठेवला आहे. तो आपलाच आहे, केव्हाही घेऊन जावा. येताना यूपीएसही आणावा. त्याच्या तपासणीचे पैसे मी घेणार नाही, आणि बॅटरी बदलावी लागली तर तिची किंमत आधी सांगून, आपला होकार मिळाल्यावरच ती बदलीन.

आपला नम्र,
दुकानमालक, इचलकरंजी