गळ्यात मोठा कॅमेरा असला की

तर भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर पक्ष्यांचे फोटो काढायला गेलो होतो, तिथे होडीत माझ्यासमोर जे काका येऊन बसले त्यांच्याबद्दल मला बोलायचंय, कारण घरात आता कोणी ऐकून घेत नाहीये. पहाटे उठणं, सोलापूर रोड, कुंभारगावचा चहा, हे सगळं सोडून देतो, भिगवणला जाणारा प्रत्येक जण हेच सांगतो. होडी शेअरिंगमध्ये घेतली होती (लेन्सचे हप्ते चालू आहेत, आख्खी होडी कोण घेणार). काका, काकू, सूनबाई आणि एक नातू. काकांनी आधी माझ्या लेन्सकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत लेन्सकडे.

"किती मेगापिक्सेल?"

"चोवीस."

काका एकदम गप्प झाले. मग काकूंकडे बघून हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "आपल्या मोबाईलला दोनशे आहेत." आणि मला म्हणाले, "फसवलं हो तुम्हाला. बिल आहे का?"

मी म्हटलं काका, मेगापिक्सेलवर सगळं नसतं, सेन्सर केवढा आहे ते बघायचं, लेन्स बघायची. म्हणजे मूर्खासारखा समजवायला लागलो.

"बरं, झूम किती एक्स?"

"तसं नसतं यात. सहाशे मिलिमीटर आहे."

(ही फोकल लेंथ, आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं.) काकांनी मनातल्या मनात हिशोब केला. "म्हणजे साठ सेंटिमीटर. म्हणजे दोन फूट." समोरचे पक्षी शंभर-दीडशे फुटांवर तरी होते. काकांनी ते अंतर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरंच दया आली हो. "मग एवढं ओझं कशाला वागवता? आमच्याला शंभर एक्स आहे, चंद्रावरचे खड्डे दिसतात."

ओझ्याबद्दल बोलायचं तर दोन किलोची लेन्स आहे, वर बॉडी वेगळी, आणि नातू फळीवर उड्या मारत असल्याने होडी हलत होती. स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सांभाळतं, नातू नाही सांभाळत. शटर दोन हजारावर (म्हणजे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर) ठेवून मी कसाबसा थव्यावर फोकस धरत होतो तेवढ्यात काकांचा पुढचा आक्षेप आला, की हे पक्षी पांढरे आहेत. "गुगलवर तर गुलाबी होते." आता मोठा रोहित (म्हणजे फ्लेमिंगो) उभा असताना लांबून पांढराच वाटतो, त्यातही पिल्लं मळकट करडी. खरा गुलाबी रंग पंखांत असतो, तो उडाला की दिसतो. हे मी सांगायला नको होतं. काकांनी लगेच होडीवाल्याला ऑर्डर सोडली, "अहो दादा, उडवा की जरा त्यांना!"

इथे मला हसू येत नाही. आमच्याकडे हे प्रत्येक होडीत चालतं, आणि नुसते काकाच नाही, माझ्यासारखे लांब लेन्सवाले जास्त करतात. फ्लाइट शॉट पाहिजे म्हणून होडी सरळ थव्यात घालायला लावायची. तो पक्षी मान उलटी करून उथळ पाण्यात चोचीने गाळून गाळून खात असतो, दिवसभराचं काम आहे ते, आणि उडायचं तर आधी पाण्यावर धावावं लागतं त्याला. अशा दहा होड्या सकाळी आल्या की त्याने खायचं कधी? होडीवाला म्हणाला, "साहेब, ते आपापले उडतील, थांबा जरा." त्याचं पोट आमच्यावर आहे, तरी त्याला कळत होतं. काका म्हणाले, "पैसे देऊन थांबायचं?"

मग अपेक्षित वाक्य आलं. "अहो फोटोग्राफर, आमचा एक फॅमिली फोटो काढा. पण मागे ते पक्षी आले पाहिजेत."

मला नाव आहे, नोकरी आहे, पॅनकार्ड आहे. पण गळ्यात पट्टा दिसला की तुम्ही सार्वजनिक मालमत्ता, नळावर पाणी भरावं तसा कोणीही येऊन फोटो भरून घेतो. मोबाईलवर रील्स करणाऱ्याला कोणी सांगत नाही आमचं एक रील कर म्हणून. मी म्हटलं, काका, या लेन्समध्ये चौघं मावणार नाहीत, जरा मागे जावं लागेल तुम्हाला. मागे उजनीचं पाणी होतं. काकू म्हणाल्या, "राहू दे, नसेल येत त्यांना." हे ऐकून मी बॅगेतून छोटी लेन्स काढली आणि होडीत बसून, धूळ-पाणी सगळं सांभाळत, लेन्स बदलायला घेतली. कॅमेरा तोंड उघडून पडलेला असताना डाव्या बाजूला ऑस्प्रेने (मासे पकडणारा शिकारी पक्षी) पाय पुढे काढून सूर मारला आणि मासा घेऊन वर आला. तो उडता उडता मासा फिरवून डोकं पुढे करून घेतो, ते सुद्धा मी साध्या डोळ्यांनी अगदी व्यवस्थित बघितलं. काकांनी त्याचा व्हिडिओ काढला. त्यात एक ठिपका आहे, मला दाखवला.

माझा स्वतःचा सगळ्यात आवडता फोटो जेजुरीचा आहे, सोमवती अमावस्येचा. भंडारा असा उधळलेला की ऑटोफोकस मागेपुढे करत बसला, काही पकडेना, शेवटी हाताने अंदाजाने फोकस केला. एक म्हातारी डोळे मिटून उभी आहे आणि तिच्या भुवयांवर हळद साचलीये. शार्प नाहीये तो फोटो. झूम रिंग तेव्हापासून करकरते, रिपेअरवाल्याने लेन्स उघडून विचारलं की ही स्वयंपाकघरात ठेवता का. पण त्या गर्दीत मला कोणी मेगापिक्सेल विचारले नाहीत, सगळ्यांना देवाचं पडलेलं. धक्का बसला तरी समोरचा "येळकोट येळकोट" म्हणून पुढे जायचा. तसं भिगवणला होत नाही, तिथे सगळे रिकामे असतात.

तर फोटो काढला. नंबर दिला, ती वेगळी शिक्षा. रात्री मेसेज, फोटो पाठवा. पाठवले. मग, एचडी पाठवा. मग, चिंटूचे डोळे मिटलेत, ते उघडून द्या. मग, सूनबाई जरा बारीक करता येईल का, तीच म्हणतेय, मी नाही. थँक्यूचा पत्ता नाही, एक हात जोडलेला इमोजी, तोही बहुतेक चुकून आलेला.

आणि काल त्यांनी तो फोटो डीपीला लावला. पक्षी कापून! ज्यांच्यासाठी होडी तीनदा वळवली, ऑस्प्रे घालवला, ते सगळे कापून. मला राहवेना, विचारलं. उत्तर आलं, "डीपी गोल असतो ना, त्यात मावत नव्हते." त्याखाली लगेच दुसरा मेसेज, मे महिन्यात चिंटूची मुंज आहे, नक्की या, जेवण आहेच, येताना तो दोन फुटांचा नको, दुसरा आणा.