पाझर निवळ आहे की गढूळ?

आमच्या कट्ट्यावर वादाला तोंड फुटले ते गावच्या धरणाच्या भरावावर, म्हणजे त्याच्या मातीच्या भिंतीवर, माजलेल्या बाभळींवरून. मास्तरांचे म्हणणे असे की झाडांची मुळे माती धरून ठेवतात, डोंगरउतारावर आपण त्यासाठीच झाडे लावतो, मग मातीच्या धरणावरची झाडे तोडा असे म्हणायचे कशाला? लघुपाटबंधाऱ्याच्या कामांवर उभी हयात घालवलेले अण्णा एरवी सगळ्यांचे शेवटपर्यंत ऐकून घेतात, पण या वेळी ते मध्येच बोलले. "मास्तर, डोंगराच्या पाठीशी पाणी तुंबलेले नसते."

मग त्यांनी समजावून सांगितले. पाणी जिथे असेल तिकडे मूळ वळते आणि भरावात ओल आत, गाभ्याकडे असते. झाड जिवंत आहे तोवर मूळ निदान भरीव तरी असते, पण झाड वाळले की मूळ कुजते आणि त्याच्या जागी मातीत आरपार नळी उरते. घुशींची आणि खेकड्यांची बिळे तिला येऊन मिळाली, तर पाण्याला आयती वाट सापडते. म्हणून भरावावर आखूड गवत हवे, झुडूप नको. वाढलेले झाड नुसते बुंध्याशी तोडूनही भागत नाही, कारण खालची मुळे कुजायची राहतातच. पाणी खाली गेलेले असताना मुळांसकट खोड काढून तो खड्डा थरावर थर देत, पाणी मारत आणि चोपत भरावा लागतो. मास्तरांनी हे मान्य केले, मात्र पायथ्यापासून लांब असलेल्या झाडांना हात लावायचा नाही, ही अट घालूनच.

तात्यांची जमीन धरणाच्या थेट खाली आहे, त्यामुळे ते बोलू लागले की कट्टा गप्प होतो. यंदा पायथ्याशी एका जागी पाणी फुटल्यासारखे वाहते आहे. चार पाट्या चिकणमाती टाकून, चोपून ते बुजवावे, असा त्यांचा बेत होता. अण्णा म्हणाले, "तात्या, तेवढे मात्र करू नका. तोंड दाबलेत तर पाणी थांबणार नाही, आत कोंडून दुसरीकडून फुटेल." मातीचे धरण पाझरतेच, तो त्याचा दोष नव्हे, पाझरताना ते आपली माती बरोबर पाठवते आहे का, एवढेच पाहायचे असते. निवळ पाणी वाहत असेल तर ते मोजत राहावे. तेच गढूळ झाले, किंवा तलावाची पातळी तेवढीच असताना पाझर वाढला, तर आत नळी पडते आहे असे समजावे आणि ताबडतोब अभियंत्यांना कळवावे. तोवर त्या जागी आधी वाळू, वर खडी, त्यावर दगड असे थर द्यावेत, म्हणजे पाणी बाहेर येते आणि माती मागे राहते.

मास्तरांना हे भय अवाजवी वाटले. त्यावर अण्णांनी अमेरिकेतल्या टेटन धरणाचे उदाहरण दिले: ५ जून १९७६ रोजी सकाळी तिथे गढूळ गळती दिसली आणि दुपारचे बारा वाजण्याआधी जवळजवळ ९३ मीटर उंचीचे ते मातीचे धरण फुटले. इतके लांब जायचे कारणही नव्हते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर मात्र चर्चा रंगली ती खेकड्यांनी भराव पोखरला का, याची. माझ्या मते खेकडा हे कारण असले तरी उत्तर नव्हे, कारण बीळ वेळेवर दिसावे म्हणूनच तर पाहणी असते.

पाहणी करायची कोणी, यावर सर्वांत जास्त वेळ गेला. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहणी बंधनकारक आहे, पण तो कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरमधल्यांना लांबी, साठा, पूर अशा काही अटींपैकी एखादी पूर्ण झाली तरच. त्याहून बुटक्या धरणाखालची माणसे त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहतात, आणि हे मला अजिबात पटत नाही, कारण रात्री घरात शिरणारे पाणी धरणाची उंची विचारून येत नाही.

तात्या खरे अडले ते सांडव्यापाशी, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी जिथून बाहेर पडते तिथे. चार बोटे पाणी जास्त साठावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचलेली आहेत आणि ती रचणाऱ्यांत ते स्वतःही होते. "उन्हाळ्यात पिकाला पाण्याची शेवटची पाळी त्याच पाण्यावर निघते," ते म्हणाले, आणि ते खोटे नव्हते. पण पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे तलाव जिथवर भरायचा त्या पातळीच्या, वर भरावाची जी उंची मोकळी राखलेली असते ती पुरासाठी आणि लाटांसाठी असते. तीच पोत्यांनी खाऊन टाकली आणि पाणी माथ्यावरून गेले, तर मातीचा भराव बघता बघता वाहून जातो. तात्या यावर काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाझराचे पाणी काचेच्या बाटलीत भरून आणले. तळाशी पिवळसर थर होता. भरताना चिखल ढवळला गेला असेल, ही मास्तरांची शंका रास्त होती, म्हणून तिसऱ्या दिवशी पहाटे मास्तर स्वतः गेले, पाझराच्या तोंडाशी पन्हळ बसवली, बराच वेळ पाणी वाहू दिले आणि मग पन्हळीवरून पडणारी धार बाटलीत धरली. संध्याकाळपर्यंत ती बाटली कोणी हलवली नाही. थर पहिल्यापेक्षा पातळ होता, नखाच्या जाडीइतका, पण होता. मास्तरांनी बाटलीला तारीख लिहून चिठ्ठी लावली आणि शाखा अभियंत्यांच्या नावे अर्ज लिहायला घेतला. सहीसाठी तात्यांची वाट पाहावी लागली. ते सांडव्यावरची पोती काढायला गेले होते.