मामीचं वायफाय आणि मॉलचा ओटीपी

आमची मामी यूपीआयने पैसे पाठवायच्या आधी घरचं वायफाय बंद करते. झोपताना गॅसचा कॉक बघतात ना, तसं. "सिमवरून गेलेलं सेफ असतं रे, वायफायवरून चोरतात." हे तिला फॅमिली ग्रुपवर कळलंय.

मामी अगदीच चुकत नाही. सिमवरचा डेटा फोनपासून टॉवरपर्यंत कुलूप लावून जातो. बिनपासवर्डच्या वायफायला बहुतेकदा ते कुलूपच नसतं. २०१० मध्ये फायरशीप नावाचं, ब्राउझरला जोडायचं फुकट एक्स्टेन्शन आलं, तेव्हा कॅफेत शेजारी बसलेल्याच्या फेसबुकात शिरणं दोन क्लिकचं काम होतं. पण पुढे जवळपास सगळ्या साइट्स एचटीटीपीएसवर गेल्या, म्हणजे मजकूर साइटपर्यंत कुलपातच जायला लागला. बँकेचं ॲप तर पाकीट चिकटवूनच देतं, पोस्टमनला फक्त पत्ता वाचता येतो. मग घरच्या पासवर्डवाल्या वायफायने काय घोडं मारलंय?

मला भीती वाटते ती पत्ता वाचणाऱ्याची, म्हणजे नेट पुरवणाऱ्या कंपनीची. सिम घेतानाच आपण कंपनीला नाव, फोटो, ओळखपत्र देऊन बसलोय. आपण कुठल्या टॉवरखाली आहोत हेही तिला कळतं. डिसेंबर २०२१ पासून कॉलच्या आणि इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायचा नियम आहे. मजकूर नव्हे, नोंदी. पण रात्री दोनला कुणाला फोन केला, एवढी नोंदसुद्धा बरंच बोलते. घरच्या ब्रॉडबँडवाल्याकडेही नोंदी असतातच, फक्त तो खिशात बसून गावभर फिरत नाही.

फुकट वायफायला ओटीपी का लागतो, त्याची गोष्ट तर आपल्या नवी मुंबईतल्या सानपाड्यातली. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना स्फोटांच्या धमकीचा ईमेल गेला. माग काढत पोलीस पोचले सानपाड्यात, एका अमेरिकन माणसाच्या फ्लॅटवर. त्याचं वायफाय भलत्याच कुणीतरी वापरलं होतं. पुढच्याच वर्षी सरकारने वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवायचे नियम आणले. कारण रास्त होतं, नाही म्हणत नाही. पण तेव्हापासून फुकट वायफाय म्हटलं की आपण नंबर देऊन मोकळे होतो.

गेल्या रविवारी मामीला मॉलमध्ये घेऊन गेलो. तिने वायफायसाठी नंबर टाकला, ओटीपी टाकला, खालच्या चौकोनात न वाचता टिक केली. संध्याकाळी घरी फोन. "मॅडम, पनवेलला टू बीएचके बघताय का?"

"ह्यांना माझा नंबर कुठून मिळतो रे?" मामी विचारत होती. घरचं वायफाय तेव्हाही बंदच होतं.