उसनी दिलेली गाडी ठोकली तर 'सगळं कंपनी भरते' हे खरे नाही

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर तीन वेगवेगळ्या गटांतून माझ्याकडे आला, आणि तिन्ही ठिकाणी त्याखाली आभार मानणारे लोक होते. मजकुराचा आशय असा: मित्राला गाडी द्यायला घाबरू नका, फुल इन्शुरन्स असेल तर गाडी ठोकली तरी सगळा खर्च कंपनी भरते. गाडी फुकट दिलेली असल्यामुळे मित्राकडून कायद्याने एक पैसाही मागता येत नाही. सर्व्हेयरला, म्हणजे नुकसान तपासायला कंपनी पाठवते त्या माणसाला, मात्र 'मीच चालवत होतो' असे सांगा, नाहीतर क्लेम नाकारतात. समोरच्याला लागले तर तो चालवणाऱ्याचा प्रश्न, मालकाचा संबंध नाही. आणि मित्राला लागले तरी विमा आहेच. या पाच विधानांपैकी एकही जसेच्या तसे खरे नाही, आणि मधले विधान तर वाचणाऱ्याला थेट खोटेपणाकडे नेणारे आहे. म्हणून एकेक विधान घेऊन त्याचे उत्तर देतो.

'सगळा खर्च कंपनी भरते' हे विधान तपासायला माझ्याकडे एक बिल आहे. काही वर्षांपूर्वी एका मित्राने माझी गाडी साताऱ्याला साखरपुड्यासाठी नेली. परतताना पावसात, खंबाटकीच्या बोगद्यानंतर जे वळण आहे तिथे त्याला वेग आवरला नाही आणि गाडी कठड्यावर गेली. कुणालाही इजा झाली नाही. रात्री साडेअकराला तो दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या एका हातात किल्ली होती आणि दुसऱ्या हातात बंपरचे तुटके तुकडे भरलेली मिठाईच्या दुकानाची पिशवी होती. रस्त्यावरून ते सगळे त्याने वेचून आणले होते.

गाडी साडेतीन वर्षांची होती. बिल ४१,००० रुपयांचे झाले: बंपर ९,०००, हेडलाइट ८,०००, बोनेट १०,०००, मजुरी ६,००० आणि रंगकाम ८,०००. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याबद्दलची घट, म्हणून निम्मी रक्कम कापतात, म्हणून बंपर आणि हेडलाइटचे ८,५०० रुपये माझ्याकडे आले. पत्र्याच्या भागांचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढतो; तीन ते चार वर्षांच्या गाडीला तो २५ टक्के आहे, म्हणून बोनेटचे २,५०० रुपये गेले. रंगकामाच्या बिलात चौथा हिस्सा रंगाच्या सामानाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, त्याचे १,००० रुपये झाले. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला प्रत्येक क्लेममध्ये पहिले १,००० रुपये मालकाने भरायचेच असतात. एकूण १३,००० रुपये माझे आणि २८,००० रुपये कंपनीचे, असा तो हिशोब होता.

खरा फटका मात्र बिलावर दिसतच नाही, कारण तो पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी बसतो. क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी नो क्लेम बोनसची सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि मग २५, ३५, ४५ अशी चढत ५० टक्क्यांवर थांबते. एक क्लेम घेतला की ती शून्यावर येते. माझी ३५ टक्क्यांवर होती. क्लेम नसता तर पुढच्या वर्षी ४५ आणि त्यानंतर दरवर्षी ५० टक्के मिळाली असती. क्लेममुळे ती ०, २०, २५, ३५, ४५ अशी नव्याने चढत गेली. या पाच वर्षांतला फरक अनुक्रमे ४५, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, म्हणजे बेरीज १२० टक्के होते. ही सवलत पॉलिसीच्या फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीच्या, हप्त्यावर नसते, आणि स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ८,००० रुपये धरला तर नुकसान ९,६०० रुपयांचे होते. गाडीची किंमत उतरते तसा हप्ताही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी भरेल. तरीही ४१,००० रुपयांच्या कामातले निम्मे, म्हणजे २० हजारांच्या पुढे, मालकाच्या खिशातून जातात. झीरो डेप (घसारा न कापणारे) किंवा बोनस राखणारे जादा संरक्षण घेतलेले असेल तर चित्र बरेच सुधारते, पण त्यासाठी मालकाने आधीच जास्त हप्ता भरलेला असतो. आणि मित्राने दारू प्यायली असेल तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम मिळतच नाही.

दुसरे विधान असे, की फुकट दिलेल्या वस्तूची भरपाई मागता येत नाही. 'मोबदला नाही म्हणजे करार नाही' हे अर्धे ऐकलेले वाक्य त्यामागे असावे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे, आणि आपली वस्तू काही कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देणे आणि काम झाल्यावर ती परत घेणे, ज्याला वकील 'बेलमेंट' म्हणतात, त्यावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. भाड्याने दिलेली आणि फुकट दिलेली अशा दोन्ही वस्तू त्यात येतात. कलम १५१ सांगते, की घेणाऱ्याने त्या वस्तूची तेवढी काळजी घेतली पाहिजे जेवढी सामान्य विवेकाचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. फुकट घेतली म्हणून ही पातळी खाली येत नाही. पावसात वळणावर वेग आवरला नाही, हँडब्रेक न लावता उतारावर गाडी सोडली, फोनवर बोलत गाडी मागे घेतली, अशा प्रत्येक ठिकाणी ही काळजी घेतलेली नसते, आणि विम्यातून न भरलेली रक्कम मालक मित्राकडून कायद्याने मागू शकतो.

या मजकुराला उत्तर देताना काही लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात, की गाडी ज्याच्या हातात तो जबाबदार, काहीही झाले तरी त्यानेच भरायचे. तेही चुकीचे आहे. कलम १५२ प्रमाणे पुरेशी काळजी घेतलेली असेल आणि वेगळे काही ठरलेले नसेल, तर नुकसानीचा बोजा घेणाऱ्यावर येत नाही. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला मागून टेम्पोने धडक दिली, किंवा नीट जागी लावलेल्या गाडीवर वादळात फांदी पडली, तर मित्राकडे पैसे मागण्याला आधार नाही. उलट गाडीत दोष असल्याचे मालकाला ठाऊक असेल आणि त्याने तो सांगितला नसेल, तर कलम १५० प्रमाणे त्यातून होणारे नुकसान मालकाचे असते. कायद्यातले उदाहरण घोड्याचे आहे: घोडा खोडकर आहे हे माहीत असून न सांगता दिला, तो उधळला आणि स्वार पडून जखमी झाला, तर देणारा जबाबदार. आज घोड्याच्या जागी पुढचा ब्रेक न लागणारी मोटारसायकल ठेवावी.

दोन प्रसंगांत मात्र काळजी घेतल्याचा बचाव चालत नाही, आणि आपल्याकडे हे दोन्ही प्रसंग रोज घडतात. मित्राने स्वतःसाठी म्हणून नेलेली गाडी परस्पर मेव्हण्याच्या हातात दिली, तर कलम १५४ प्रमाणे मेव्हण्याने कितीही जपून चालवली असली तरी त्या दरम्यानचे नुकसान मित्राने भरून द्यायचे आहे. आणि दुपारी परत आणतो म्हणून नेलेली गाडी स्वतःच्या चुकीने रात्रीपर्यंत आणलीच नाही, तर कलम १६१ प्रमाणे ठरलेल्या वेळेनंतरचे प्रत्येक नुकसान त्याचे, अगदी ती फांदीसुद्धा.

आता तिसरे विधान, ज्याच्यामुळे हा लेख लिहायला घेतला: सर्व्हेयरला 'मीच चालवत होतो' असे सांगा. हा सल्ला धोक्याचा तर आहेच, पण मुळात त्याची गरजही नाही. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत 'ड्रायव्हर' या शीर्षकाखाली लिहिलेले असते, की विमाधारकासह कोणतीही व्यक्ती गाडी चालवू शकते, मात्र अपघाताच्या वेळी तिच्याकडे वैध लायसन्स असले पाहिजे. म्हणजे मालकाच्या परवानगीने, लायसन्स असलेल्या मित्राने, दारू न पिता चालवलेली गाडी पॉलिसीत बसतेच. क्लेमच्या अर्जात चालकाचे नाव आणि लायसन्सचा नंबर विचारतात. तिथे मित्राचे नाव लिहिल्याने एक रुपयाही कमी मिळत नाही. तिथे खोटे लिहिले आणि पोलिसांच्या नोंदीत, टोलनाक्याच्या कॅमेऱ्यात किंवा समोरच्याच्या मोबाइलमध्ये दुसराच माणूस निघाला, तर जो क्लेम हमखास मिळाला असता तोच खोट्या माहितीच्या कारणाने नाकारला जाऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे अपघातात कुणी जखमी झाले असेल, तर मालक स्वतःच्या सहीने बेदरकारपणे गाडी चालवल्याचा फौजदारी ठपका स्वतःवर ओढवून घेतो. मित्राकडे लायसन्सच नसेल तेव्हा हा सल्ला अनेकांना मोहात पाडतो. पण तेव्हा तो उघडउघड विमा कंपनीची फसवणूक ठरतो, आणि ते लपवायला सांगणारा मजकूर पुढे पाठवू नये अशी माझी मनापासून विनंती आहे.

चौथे विधान मालकाच्या जबाबदारीचे. रस्त्यावरच्या माणसाला इजा झाली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही उभे केले जाते, आणि मालक म्हणजे ज्याचे नाव आरसी बुकावर आहे तो. ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली पुन्हा स्पष्ट केली: त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. विकलेल्या गाडीबाबत ही स्थिती, तर दोन तासांसाठी दिलेल्या गाडीबाबत 'माझा संबंध नाही' हे कसे टिकणार? विमा चालू असेल आणि अटी पाळलेल्या असतील तर ही रक्कम कंपनी देते, हा मोठा दिलासा आहे. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या आणि १९८८ साली निकाल लागलेल्या एका प्रकरणात मालकाने मोटार दुरुस्तीसाठी दिली होती आणि ती गॅरेजवाल्याच्या ताब्यात असताना अपघात झाला. तिथेही विमा कंपनीची जबाबदारी मान्य झाली. पण मालकाने लायसन्स नसलेल्या माणसाला जाणूनबुजून किल्ली दिली असेल, तर कंपनीने जखमीला दिलेली रक्कम ती मालकाकडून वसूल करू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० प्रमाणे अशा मालकाला स्वतंत्रपणे ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. चालवणारा अल्पवयीन असेल तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ लागते: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मित्राच्या धाकट्या भावाला 'कोपऱ्यापर्यंत' म्हणून स्कूटर देणाऱ्यांनी हे कलम एकदा शांतपणे वाचावे. 'काही झाले तर मी जबाबदार' असे मित्राकडून लिहून घेतले तरी तो कागद त्या दोघांपुरताच असतो. जखमी माणसावर तो बंधनकारक नाही.

पाचवे विधान सर्वांत कमी चर्चिले जाते आणि त्याचा परिणाम सर्वांत जड असतो. मित्राला लागले तर विमा आहेच, असे नाही. कर्नाटकात इल्कलहून उसन्या मोटारसायकलवर निघालेला एक माणूस पुढे अचानक थांबलेल्या बैलगाडीवर आदळून मरण पावला. त्याच्या कुटुंबाच्या दाव्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली म्हटले, की मालकाकडून गाडी मागून घेणारा मालकाच्याच जागी उभा असतो, तो 'तिसरा पक्ष' ठरत नाही, आणि म्हणून त्या गाडीच्या विम्यातून मोटार वाहन कायद्याच्या तेव्हाच्या कलम १६३-अ खाली (कुणाची चूक हे सिद्ध न करता) भरपाई मागता येत नाही. २०२० साली न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले. त्या प्रकरणात चूक दुसऱ्या वाहनाची होती, पण कुटुंबाने त्या वाहनाच्या मालकावर आणि विमा कंपनीवर दावाच केला नव्हता. शेवटी पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघात संरक्षणाचे १ लाख रुपये तेवढे त्यांच्या पदरात पडले. आज या संरक्षणाची रक्कम १५ लाख आहे, पण पॉलिसीचे शब्द 'मालक-चालक' असे आहेत, आणि गाडी मागून नेणाऱ्याच्या घरच्यांना ती रक्कम मिळवताना त्या शब्दांशी झगडावे लागेल. ज्याला वारंवार दुसऱ्याची गाडी चालवावी लागते त्याने स्वतःच्या नावाने अपघात विमा काढलेला असावा, हे म्हणूनच त्याच्या घरच्यांसाठी महत्त्वाचे आहे.

उरले ते अशा वेळी नेहमी ऐकू येणारे वाक्य, की मित्राकडून पैसे मागता येत असले तरी मागू नयेत. माझ्या बाबतीत मी दोन महिने मागितले नाहीत. त्या दोन महिन्यांत आमचे फोन कमी झाले, आणि एकदा चहाला भेटलो तेव्हा दोघेही गाडीचा विषय टाळत बसलो. शेवटी मी बिल त्याच्यासमोर ठेवले. त्याने घसाऱ्याच्या रकान्यावरून बोट फिरवत प्रत्येक ओळ वाचली आणि म्हणाला, "अरे, मला वाटलं सगळे कंपनीनेच दिले." तो हे खरे बोलत होता, त्यालाही कुणीतरी तेच सांगितले होते. त्याने १३,००० रुपये दोन हप्त्यांत दिले. बोनसच्या ९,६०० रुपयांचे तेव्हा मलाच ठाऊक नव्हते, त्यामुळे ते आमच्या हिशोबात आलेच नाहीत.