मकावचे पिल्लू ‘जितके लहान, तितके आपले’?

मकाव हा मोठा परदेशी पोपट पाळू इच्छिणाऱ्यांच्या मोबाइलवर एक सल्ला सतत फिरत असतो: पिल्लू डोळे उघडण्याच्या सुमारासच आणावे, खुराक कोमट पाण्यात कालवून दिवसातून तीनदा सिरिंजने भरवावा, ते सोपेच असते, पिसे फुटली की बियांवर आणावे, म्हणजे ते जन्मभर तुमचेच होते, पक्षी परदेशी असल्याने कागदपत्रेही लागत नाहीत.

जिव्हाळ्याचा दावा आधी पाहू. मकाव माणसाळतो तो रोजच्या शांत सहवासाने आणि हाताळण्याने, आणि हे स्वतः खाऊ लागलेल्या पिल्लाबाबतही तितकेच साधते. उलट भावंडांपासून लवकर तोडलेले पिल्लू वयात आल्यावर घरातल्या एकाच माणसाला जोडीदार मानून इतरांना चावण्याचा धोका वाढतो.

भरवणे सोपे असते, हे म्हणणे मात्र जिवावर बेतणारे आहे. ‘कोमट पाण्यात कालवा’ यातला ‘कोमट’ हा शब्दच घात करतो. खुराक ४० ते ४१ अंश सेल्सिअस असावा लागतो. तो बराच गार असला तर अन्नपिशवी (गळ्याखाली अन्न साठणारी पिशवी) रिकामी होणे मंदावून आतले अन्न आंबते, आणि ४३ अंशांच्या वर गेला तर पिशवी आतून भाजते. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या खुराकात मधेच कढत गोळे राहतात, हे बोट बुडवून कळत नाही. भाजल्याचेही लगेच समजत नाही: पिल्लू काही दिवस खात राहते, मग गळ्याखालची कातडी काळपट होऊन खपली धरते आणि एके सकाळी भरवलेली पेज तिथल्या भोकातून छातीवर ओघळते. सिरिंज घाईने दाबली तर खुराक श्वासनलिकेत जातो. शिवाय त्या वयात तीनदा नव्हे, दर तीन-चार तासांनी भरवावे लागते, आणि पहाटे अन्नपिशवी रिकामी झाली की नाही हे पाहून ग्रॅमच्या काट्यावर वजन नोंदवावे लागते. नवख्याने हे अनुभवी पक्षीपालकाच्या हाताखाली शिकावे, यूट्यूब पाहून नव्हे.

पिसे येणे म्हणजे दूध तुटणे नव्हे (पक्ष्याला दूध कुठले, पण आपल्याकडे म्हणतात तसे). निळा-पिवळा मकाव सुमारे ९० दिवसांचा झाल्यावर घरट्याबाहेर पडतो, तरी आईबाप त्यानंतरही भरवतातच. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांत चरबी भरपूर आणि अ जीवनसत्त्व नगण्य असते. पेलेट (पक्ष्यांसाठी तयार मिळणारे खाद्याचे दाणे), शिजवलेली कडधान्ये, लाल भोपळा आणि गाजर समोर ठेवावे, आणि सिरिंज पिल्लाच्या कलाने कमी करावी. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट विषारी आहेत.

राहिला कागदांचा प्रश्न. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने मकावसारखे ‘साइट्स’ (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीचा करार) यादीतील पक्षी अनुसूची ४ मध्ये आले असून, २०२४ च्या नियमांनुसार असा पक्षी ताब्यात आल्यावर ३० दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० संकेतस्थळावर नोंद करणे बंधनकारक आहे. त्यामुळे पैसे देण्यापूर्वीच विक्रेत्याकडून पावती आणि पक्ष्याच्या उगमाची कागदपत्रे मागावीत, आणि पिल्लू स्वतः खाताना एकदा तिथेच बसून पाहावे.